मुंगीच्या मस्तकांत काय आहे ?

वैदिक छंदांपैकीं एका प्रकाराला 'पिपीलिकामध्या' असें मोठें मौजेचें नांव आहे. तीन चरणांच्या ज्या ऋचेंत कडेचे दोन चरण लांब आणि मधला आंखूड असतो, ती पिपीलिकामध्या. म्हणजे मुंगीसारखी कमरेंत बारीक. यास्काचार्यांनीं निरुक्तांत हें नांव उपमेवरून आल्याचें सांगून 'पिपीलिका' हा शब्द गतिवाचक धातूपासून साधिला आहे. तेव्हां आपल्या प्राचीनांनीं मुंगीची कंबर पाहिली होती आणि तिची चालहि पाहिली होती, एवढें निश्चित. तिच्या मस्तकाच्या आंत डोकावण्याचें साधन मात्र त्या काळीं कोणापाशींच नव्हतें.

साधन नसलें म्हणून मत देण्याचें कोणी थांबत नाहीं. एखाद्याची बुद्धि अल्प आहे असें म्हणावयाचें असलें कीं आपण त्याचा मेंदू मुंगीएवढा ठरवितों. आणि मुलांस उद्योगाचा व काटकसरीचा उपदेश करावयाचा असला कीं त्याच मुंगीला गुरुस्थानीं बसवितों. सकाळीं मूर्ख आणि सायंकाळीं आदर्श ! प्रस्तुत लेखकाचें आयुष्य शाळेंत गेलें असल्यामुळें हे दोन्ही प्रयोग त्यानें हजारों वेळां ऐकले आहेत. परंतु मुंगीचा मेंदू खरोखर केवढा असतो, त्यांत काय सामावतें आणि काय सामावत नाहीं, याविषयीं गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत जें कळून आलें आहे, तें या दोन्ही मतांहून निराळें व अधिक मनोरंजक आहे. वाचकांनीं थोडें स्वस्थपणें ऐकावें, एवढीच विनंति.

प्रथम मापाचें पाहूं. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटांत कॅटाग्लिफिस नांवाची एक मुंगी राहते. पुढें तिची गोष्ट विस्तारानें येणारच आहे. तिचें सर्व शरीर सुमारें १० मिलिग्रॅम भरतें आणि मेंदू त्याचा शंभरावा हिस्सा, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. सोनाराच्या तराजूंतील एक गुंज सुमारें १२१ मिलिग्रॅमची. म्हणजे एका गुंजेला असे बाराशें मेंदू लागतील. माणसाचा मेंदू सरासरीनें साडेतेराशें ग्रॅम धरला, तर त्याच्या तोलाला अशा मुंग्यांचे एक कोटि पस्तीस लक्ष मेंदू पारड्यांत घालावे लागतील.

पण तोल हें एक माप झालें. मेंदूचें काम ज्या मज्जापेशी करितात त्यांची गणती केली, तर हिशोब बदलतो. माणसाच्या मेंदूंत या पेशी सुमारें ८६०० कोटि आहेत, असें २००९ सालीं ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनीं मोजून दाखविलें. मुंगीच्या बाबतींत जातीजातींत फरक असला तरी अडीच लक्ष हा आंकडा सामान्यतः सांगितला जातो. आतां भागाकार करा : पेशींच्या संख्येंत माणूस मुंगीच्या सुमारें साडेतीन लक्षपट, आणि वजनांत मात्र सव्वा कोटिपटीहून अधिक. हा हिशोब ढोबळ आहे हें खरें. तरी मुंगीच्या डोक्यांत पेशी किती दाटीनें बसविल्या आहेत हें त्यावरून ध्यानांत येईल. तिच्या पेशी लहान, त्यांचे तंतु बारीक आणि आंखूड. एका पेशीचा निरोप दुसरीला पोंचावयाचा तर जावयाचें अंतर केसाच्या जाडीएवढें ! मोठ्या वाड्यांत एका टोंकाच्या माणसाला हांक मारावी लागते. एका खोलीच्या बिऱ्हाडांत कुजबुजलेलेंहि सर्वांस कळतें. तसाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट. प्राणी जितका लहान, तितका त्याचा मेंदू शरीराच्या मानानें मोठा, असा एक सामान्य नियम आहे. माणसाचा मेंदू त्याच्या शरीराच्या शेंकडा दोन भरतो. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील अतिसूक्ष्म मुंग्यांत हेंच प्रमाण शेंकडा दहाच्याहि वर गेलेलें आढळलें आहे. म्हणजे ज्या न्यायानें आपण स्वतःस हत्तीहून बुद्धिमान् म्हणवितों, तो न्याय प्रामाणिकपणें लावला तर ही मुंगी आपल्याला मागें टाकील ! यावरून वजनाच्या प्रमाणाचा निकष किती विश्वसनीय आहे हें वाचकांनींच ठरवावें.

या मेंदूंत आहे तरी काय ? डोळ्यांकडून येणारी वार्ता घेणारे दोन दृष्टिपिंड, शृंगांकडून येणारा गंध घेणारे दोन गंधपिंड, मधोमध दिशा व चाल यांचा मेळ घालणारें एक संकुल, आणि वरच्या बाजूस देठावर छत्री धरिल्यासारखे, अळंब्याच्या आकाराचे दोन पिंड. हे अळंब्यासारखे पिंड १८५० सालीं फेलिक्स द्युजार्दां या फ्रेंच पंडितानें दाखविले, आणि कीटकांच्या बुद्धीचा त्यांच्याशीं संबंध असावा असें त्याच वेळीं अनुमान केलें. पुढील संशोधनानें तें बऱ्याच अंशीं खरें ठरलें. स्मरण आणि शिक्षण यांचें मुख्य ठाणें तेंच. मुंग्या-मधमाशांत हे पिंड विशेष पुष्ट असतात. डार्विननें १८७१ सालच्या आपल्या मानवोत्पत्तीवरील ग्रंथांत मुंगीच्या मेंदूचा गौरव करितांना जगांतील अत्यंत आश्चर्यकारक अशा कणांत त्याची गणना केली, आणि कदाचित् तो मनुष्याच्या मेंदूहूनहि अधिक आश्चर्यकारक असेल असें सुचविलें. त्या काळीं हा उद्गार कित्येकांस अतिशयोक्तीचा वाटला असेल.

गंधाविषयीं एकच गोष्ट सांगून पुढें जाऊं. माणसाच्या नाकांत गंध ओळखणाऱ्या ग्राहकांचे सुमारें चारशें प्रकार आहेत. फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माशींत साठांच्या आसपास. आणि मुंगींत तीनशें-चारशें, क्वचित् अधिकहि. तिचें सारें सामाजिक जीवन या नाकावर उभें आहे. २०१७ सालीं अमेरिकेंतील दोन प्रयोगशाळांनीं मुंगीच्या आनुवंशिक द्रव्यांत फेरफार करून तिची घ्राणशक्ति बहुतांशीं नाहींशी केली. तेव्हां तिचे गंधपिंडहि खुजे राहिले, आणि ती मुंगी स्वजनांची वाट सोडून एकटीच भटकूं लागली. घरांत राहून घरचीं माणसें ओळखूं येत नाहींत, अशी तिची अवस्था झाली.

आतां त्या वाळवंटांतील मुंगीकडे वळूं. येथें मात्र थोडें रेंगाळावें लागेल.

ट्युनिशिया देशांत भर दुपारीं वाळू इतकी तापते कीं सरडेदेखील सांवलीला जातात. नेमक्या त्याच वेळीं कॅटाग्लिफिस बिळाबाहेर पडते, कारण उन्हानें मेलेले किडे हेंच तिचें अन्न. भक्ष्य शोधीत ती वांकडीतिकडी, वळणें घेत शंभर मीटरांहूनहि दूर जाते. अशा तापलेल्या जागीं आपण चाललेल्या वाटेवर गंधाची खूण ठेवून ती काय टिकणार ? शिवाय खारट मैदानांत झाड नाहीं, दगड नाहीं. असें असतां किडा तोंडांत सांपडला कीं ती मुंगी आलेल्या वाटेनें परतत नाहीं. ती सरळ रेषेंत, बाण सुटावा तशी, बिळाच्या दिशेनें धांवत सुटते. बीळ म्हणजे जमिनींतील एक भोंक. बोटभर चुकली तर दिसणारहि नाहीं.

तिला कळतें कसें ? पहिला दुवा फेलिक्स सांची या स्विस डॉक्टरानें काढिला. तो ट्युनिशियांतील कैरवान गांवीं वैद्यकी करी आणि उरला वेळ मुंग्यांत घालवी. १९११ सालीं त्यानें घरीं चाललेल्या मुंगीवर एका बाजूनें पडदा धरून सूर्य झांकिला आणि दुसऱ्या बाजूनें आरशानें तिला सूर्याचें प्रतिबिंब दाखविलें. मुंगी तत्काळ उलट दिशेस वळली ! पुढें १९२३ च्या सुमारास त्यानें असें पाहिलें कीं सूर्य मुळींच दिसूं न देतां नळकांड्यांतून आकाशाचा नुसता निळा तुकडा दिसूं दिला, तरीहि मुंगी दिशा चुकत नाहीं. याचा उलगडा त्याला झाला नाहीं. तो पुढें १९४९ सालीं कार्ल फॉन फ्रिश यांच्या मधमाशांवरील प्रयोगांनीं झाला. आकाशांतून येणाऱ्या प्रकाशाचीं स्पंदनें ठिकठिकाणीं ठराविक दिशेनें होत असतात आणि त्यांची रचना सूर्याच्या स्थानाप्रमाणें बदलते. आपल्या डोळ्यांस हा भेद कळत नाहीं. मुंगीच्या डोळ्याच्या वरच्या कडेस त्यासाठींच ठेविलेले खास ग्राहक असतात. आपल्याला जें आकाश कोरें दिसतें, तें तिला रेघा आंखलेल्या पाटीसारखें आहे.

दिशा कळली; पण अंतर ? झ्यूरिच विद्यापीठाचे रूडिगर वेनर यांनीं या मुंगीच्या पाठीमागें आपलें सारें आयुष्य वेंचिलें आहे. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग इतका साधा आणि इतका मार्मिक आहे कीं तो प्रत्येक शाळेंत शास्त्राच्या तासाला सांगावा. बिळापासून १० मीटर अंतरावर त्यांनीं मुंग्यांना खाद्य ठेविलें. मुंग्या तेथपर्यंत चालून आल्या. मग कांहीं मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केंस चिकटवून त्यांना जणूं उंच काठ्यांवर चढविलें, आणि कांहींचे पाय किंचित् आंखूड केले. त्यानंतर त्यांना परतीच्या वाटेवर सोडून दिलें. ज्यांचे पाय जसेच्या तसे होते, त्या सुमारें १० मीटरांवर थांबून बीळ शोधूं लागल्या. काठ्यांवर चढलेल्या मुंग्या १५ मीटरांच्या पुढें गेल्या. आंखूड पायांच्या मुंग्या पावणेसहा मीटरांवरच थबकल्या ! त्यांनीं पावलांची संख्या बरोबर ठेविली होती, पावलाची लांबी मात्र बदलली होती. पुढें त्याच मुंग्या बदललेल्या पायांनींच बिळांतून निघाल्या आणि परतल्या, तेव्हां त्यांचें अंतर पुन्हां बरोबर आलें; कारण जातांना व येतांना पाऊल एकच होतें.

म्हणजे ही मुंगी चालतां चालतां प्रत्येक वळणाची दिशा आणि त्या दिशेनें पडलेलीं पावलें यांची सतत बेरीज करीत असते, आणि 'या क्षणीं घर कोणत्या बाजूस व किती दूर' याचें एकच उत्तर तिच्यापाशीं नेहमीं तयार असतें. खाद्यापाशीं तिला उचलून दुसरीकडे नेऊन ठेविलें, तर ती तयार असलेल्या उत्तराप्रमाणेंच धांवते, आणि जेथें बीळ असावयास हवें होतें परंतु नाहीं, अशा जागीं घिरट्या घालीत राहते. आमच्या मॅट्रिकच्या वर्गांत याच जातीचीं त्रिकोणमितीचीं उदाहरणें सोडवितांना चांगल्या चांगल्या मुलांना घाम फुटे. यावर कोणी म्हणेल, 'मग काय मुंगीला त्रिकोणमिति येते ?' नाहीं. तराजूला तरी गणित कोठें येतें ? तरी तो तोल बरोबर दाखवितो, कारण त्याची घडणच तशी आहे. मुंगीच्या मेंदूच्या मधल्या संकुलांत पेशींची मांडणी अशी आहे कीं हा हिशोब त्या मांडणींतच होऊन जातो, असें आज समजलें जातें. २०१९ सालीं फ्रान्समधील मार्सेय येथील शास्त्रज्ञांनीं हीच युक्ति वापरून सहा पायांचें एक यंत्र केलें. आकाशांतील प्रकाश आणि स्वतःचीं पावलें एवढ्यावर तें १४ मीटरांची फेरी करून मूळ जागीं सुमारें एका सेंटिमीटरच्या आंत परत आलें.

पण तराजूची उपमा येथवरच चालते, पुढें ती लंगडी पडते. कारण तराजू शिकत नाहीं आणि ही मुंगी शिकते. प्रथमच बाहेर पडणारी तरुण मुंगी एकदम शिकारीला जात नाहीं. ती बिळाभोंवतीं लहान लहान फेऱ्या मारिते, मधूनच थांबते, गर्रकन् फिरून बिळाकडे तोंड करिते आणि आसपासचा देखावा डोळ्यांत सांठविते. बिळाचें भोंक तर तिला दिसत नसतें. मग नेमकें तिकडेच कसें वळतां येतें? २०१८ सालीं असें सिद्ध झालें कीं या पहिल्या धड्यांत ती पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेते. प्रयोगकर्त्यांनीं चुंबकीय दिशा कृत्रिम रीतीनें फिरविली, तेव्हां तिची नजर बीळ सोडून भलतीकडे वळली. आणखी एक गोष्ट २०२३ सालीं पुढें आली. खारट मैदानांत मधोमध, जेथें ओळखीची एकहि खूण नसते, तेथील मुंग्या आपल्या बिळावर मातीचा उंच ढीग रचितात, आणि दुरून परतणाऱ्यांना तो दिसतो. जेथें आसपास झुडपें आहेत तेथें त्या हा खटाटोप करीत नाहींत. प्रयोगासाठीं तो ढीग काढून टाकिला आणि शेजारीं दुसरी खूणहि ठेविली नाहीं, तर त्या पुन्हां रचूं लागल्या.

वारुळाचा विषय निघाला म्हणून जातां जातां सांगतों : आपल्याकडील मोठालीं वारुळें, ज्यांच्या 'वल्मीक' या नांवावरून आदिकवींचें नांव पडलें, तीं मुंग्या बांधीत नाहींत, तीं वाळवीचीं. आणि वाळवी ही मुंगीपेक्षां झुरळाची जवळची आप्त. नाग जसा आयत्या वारुळांत शिरतो, तसें त्या बांधकामाचें श्रेय मुंगीच्या पदरीं आयतेंच पडलें आहे.

मेंदू इतका उपयोगी असेल तर तो वाढतच कां गेला नाहीं ? याचें उत्तर देणारी मुंगी दूर परदेशांत शोधण्याचें कारण नाहीं. दक्षिण हिंदुस्थानांत, आपल्या सह्याद्रीच्या रांगांतहि, लांब जबड्यांची, टपोऱ्या डोळ्यांची आणि टुणकन् उडी मारणारी एक मुंगी आहे. मद्रास इलाख्यांत वैद्यकी करणारे आणि पक्ष्यांवरील ग्रंथांमुळें विशेष प्रसिद्ध असलेले जर्डन यांनीं १८५१ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन केलें. तिचें नांव हार्पेग्नॅथस सॅल्टेटर; यांतील सॅल्टेटर म्हणजे नाचणारा किंवा उड्या मारणारा.

बहुतेक मुंग्यांत राणी मेली कीं वारुळाची अखेर ठरलेली. या जातींत तसें नाहीं. राणी गेली कीं कामकरी मुंग्या आपापसांत शृंगांनीं शृंगांवर प्रहार करीत द्वंद्व मांडितात. हा आखाडा कधीं कधीं चाळीस दिवस चालतो. त्यांत ज्या थोड्या जिंकतात, त्या अंडीं घालूं लागतात. मग त्यांच्या देहांत विलक्षण पालट होतो. अंडाशय फुगतें. आयुष्य सुमारें सात महिन्यांचें असावयाचें तें चार वर्षांपर्यंत लांबतें. आणि मेंदू चौथ्या-पांचव्या हिश्शानें आकसतो ! शिकारीस जावयाचें नाहीं, उजेड पाहावयाचा नाहीं, वाट शोधावयाची नाहीं. तेव्हां मेंदूसाठीं लागणारें अन्न अंड्यांकडे वळविलें जातें. मेंदू हा फार खादाड अवयव आहे. माणसांत तो वजनानें शेंकडा दोन असून अन्नाचा सुमारें पांचवा हिस्सा एकटाच खातो. मुंगीचा संसार तर त्याहून तंगीचा.

२०२१ सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत क्लिंट पेनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यापुढची गोष्ट दाखविली. अशा राज्यपद पावलेल्या कांहीं मुंग्यांना त्यांनीं वारुळांतून काढून कांहीं आठवडे एकांतांत ठेविलें आणि मग परत सोडलें. इतर मुंग्यांनीं त्यांना मान दिला नाहीं. उलट धरून ठेविलें. त्यांचें अंडीं घालणें बंद पडलें, त्या पुन्हां शिकारीस जाऊं लागल्या. पुढें तपासून पाहतां त्यांचा आकसलेला मेंदू पुन्हां पूर्ववत् वाढलेला आढळला. प्रौढ वयांत मेंदू इतका घटतो आणि फिरून तितका वाढतो, असें उदाहरण कीटकसृष्टींत पूर्वीं ठाऊक नव्हतें. सासरीं कर्तेपणाच्या गादीवर बसल्यावर वाचन सुटलें, अशी तक्रार कांहीं वाचक-भगिनी करितात. त्यांच्यासाठीं या गोष्टीचा अर्थ लावण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

शिक्षकाच्या पेशाला ज्या मुंगीविषयीं बंधुभाव वाटावा, ती इंग्लंडांतील आहे. टेम्नोथोरॅक्स अल्बिपेनिस हें तिचें नांव; दगडाच्या फटींत राहणारी, अगदींच चिमुकली. हिला खाद्य सांपडलें कीं ती घरीं येऊन एका अननुभवी मुंगीला बरोबर घेऊन निघते. मागची मुंगी आपल्या शृंगांनीं पुढचीच्या पायांवर व पोटावर टिचक्या मारीत चालते. तो 'मी आहें' असा संकेत. मध्यें ती थांबून इकडेतिकडे फिरते, वाटेवरच्या खुणा पाहून घेते. तोंवर पुढची थांबून राहते. टिचकी पडली कीं पाऊल पुढें. ब्रिस्टॉल विद्यापीठाचे फ्रँक्स आणि रिचर्ड्सन यांनीं २००६ सालीं मोजून पाहिलें तेव्हां असें दिसलें कीं ही वाट दाखविणारी मुंगी एकटी गेली असती तर सुमारें चौपट वेगानें पोंचली असती. म्हणजे ती दुसरीसाठीं स्वतःचा वेळ खर्च करिते, शिष्येच्या गतीप्रमाणें आपली गति ठेविते, आणि शिष्याहि एकटीनें शोधण्यापेक्षां लवकर शिकते. शिकविणें कशाला म्हणावें याची जी कडक व्याख्या प्राणिशास्त्रज्ञांनीं केली होती, तिच्या सर्व अटी येथें पुऱ्या झाल्या. मनुष्येतर प्राण्यांत याचा असा पुरावा पूर्वीं मिळाला नव्हता, आणि मिळाला तो माकडांत न मिळतां अडीच-तीन मिलिमीटरच्या मुंगींत ! यांत तिच्या मनांत 'हिला ठाऊक नाहीं, हिला शिकवूं' असा विचार येतो काय ? तसें मानण्यास आधार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं मागच्या बांकावरच्या मुलाची टिचकी पडेपर्यंत थांबणारे गुरुजी शाळेंतहि थोडेच असतात. अशाच जोडीच्या चालीनें बिऱ्हाड हलविणारी डायकॅमा नांवाची काळी मुंगी आपल्या देशांत आहे, आणि कलकत्त्याच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत सुमना अन्नगिरी यांनीं तिच्या स्थलांतराचा अभ्यास केला आहे.

स्मरणशक्तीविषयीं एकच दाखला देतों. पॅरिसजवळील प्रयोगशाळेंत काळ्या फॉर्मिका मुंग्यांना एका विशिष्ट वासापाशीं गोड पाणी एकदांच दिलें. पुढें तीन दिवसांपर्यंत तो वास त्यांच्या ध्यानांत राहिला, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्याकडे एकदां ऐकून पाठ करणाऱ्यास एकपाठी म्हणतात. त्या पंक्तींत या मुंगीला बसविण्यास आमची हरकत नाहीं.

इतकी स्तुति झाल्यावर दुसरी बाजू न सांगणें हा पक्षपात होईल, आणि ती बाजू थोडी भेसूर आहे. १९५८ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन व त्यांचे सहकारी यांनीं मेलेल्या मुंगीच्या देहांत उत्पन्न होणारें ओलेइक आम्ल एका जिवंत, धडधाकट मुंगीला फांसलें. इतर मुंग्यांनीं तिला उचललें आणि मृतांच्या ढिगावर नेऊन टाकिलें. ती पाय झाडीत होती, विरोध करीत होती. त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. ती परत आली कीं पुन्हां उचलावयाची ! स्वतःला चाटूनपुसून तो वास गेला तेव्हांच तिला 'जिवंत' म्हणून मान्यता मिळाली. डोळ्यांपुढें हलणारा देह एका बाजूला आणि एक थेंब वास दुसऱ्या बाजूला. त्यांत वास जिंकला.

दुसरें उदाहरण याहून मोठें. दक्षिण अमेरिकेंतील लष्करी मुंग्या जवळजवळ आंधळ्या असतात आणि पुढचीच्या वासामागें चालतात. पाऊस किंवा अन्य कारणानें एखादी टोळी मुख्य सैन्यापासून तुटली आणि तिच्या पुढच्या मुंगीला मागच्या मुंगीचा माग लागला, तर रांगेचें वर्तुळ होतें. विल्यम बीब या निसर्गाभ्यासकानें ब्रिटिश गियानांत पाहिलेलें असें एक वर्तुळ १२०० फूट घेराचें होतें, आणि एका मुंगीला एक फेरी पुरी करण्यास अडीच तास लागत. त्याचें वर्णन त्यानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या चालत राहिल्या आणि बहुसंख्य चालतां चालतां मेल्या. प्रत्येकीनें आपला नियम बिनचूक पाळिला होता.

आणि ती उद्योगाची कीर्ति ? ॲरिझोना विद्यापीठांत टेम्नोथोरॅक्सच्याच एका अमेरिकन भगिनीवर दिवसरात्र नजर ठेवून पाहिलें, तेव्हां वारुळांतील सुमारें चाळीस टक्के मुंग्या बहुतेक वेळ कांहींच करीत नाहींत असें आढळलें. कामकऱ्या काढून नेल्या तर या स्वस्थ बसलेल्यांपैकीं कांहीं त्यांच्या जागीं उभ्या राहतात, असें २०१७ सालीं दिसून आलें. क्रमिक पुस्तकांत हा पाठ कोणी घालील असें वाटत नाहीं.

मग एकेक मुंगी अशी मर्यादित असतां वारूळ इतकें शहाणें कसें ? या प्रश्नावर इस्राएलमधील वाइझमान संस्थेंत ओफेर फाइनरमान यांच्या चमूनें केलेला प्रयोग डिसेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध झाला. इंग्रजी टी अक्षरासारखी एक वस्तु दोन अरुंद दारांतून वळवीत वळवीत पलीकडे न्यावयाची, असें तें कोडें. घर बदलतांना जिन्यांतून कपाट उतरविण्याचा ज्यांस अनुभव आहे त्यांस अडचण कळेल. तेंच कोडें लहान मापांत मुंग्यांना आणि मोठ्या मापांत माणसांना घातलें. एकटी मुंगी आणि एकटा माणूस यांत अर्थातच माणूस सरस ठरला. परंतु मुंग्यांचा जमाव जसा वाढला तसें त्यांचें काम सुधारत गेलें. जमावाला एक प्रकारची सामायिक स्मृति आल्यासारखें दिसूं लागलें. घेतलेली दिशा तो सहसा सोडीना, आणि भिंतीला भिडला तर कडेकडेनें पुढें सरके. माणसांच्या जमावांत तसें झालें नाहीं. विशेषतः बोलण्यास व खुणा करण्यास बंदी केली तेव्हां एकट्यापेक्षां जमावाचें काम वाईट झालें. प्रत्येकजण तत्काळ सोपा दिसणारा मार्ग धरून ओढूं लागला. सभा-समित्यांचा अनुभव असलेल्या वाचकांस याचें नवल वाटणार नाहीं.

या प्रयोगांतील मुंगी आपल्या घरांतलीच आहे. बारीक, काळसर, लांब पाय आणि लांब शृंगें असलेली, जमिनीवर सैरावैरा धांवणारी मुंगी आपण नेहमीं पाहतों, तीच ही. मुलांना सुटी असेल तेव्हां ओट्याच्या कोपऱ्यांत, किंवा अंगणाच्या फरशीवर, बिस्किटाचा वाटाण्याएवढा तुकडा ठेवून पाहावा. प्रथम एकदोघी येतील, मग पांचपन्नास भोंवतीं जमतील आणि तुकडा हलूं लागेल. तो किंचित् भलत्या दिशेला जात असतां बाहेरून एखादी नवी मुंगी येऊन त्याला चिकटते, त्या क्षणाकडे लक्ष ठेवावें. ती नुकतीच आसपास फिरून आलेली असते, म्हणून घराची दिशा तिला ठाऊक असते. सुमारें दहावीस सेकंद ती ओढील तिकडे तें ओझें वळतें. त्यानंतर तीहि इतरांसारखीच नुसती ओढणारी होते, आणि दिशा सांगण्यास दुसरी कोणीतरी यावी लागते. हें फाइनरमान यांच्याच मंडळींनीं २०१५ सालीं दाखवून दिलें आहे. पण पहावयास भिंग लागत नाहीं, आणि गृहिणीनें तेवढा अर्धा तास केरसुणी बाजूस ठेविली म्हणजे झालें.